"फरफटत आणा" म्हणणं सोपं आहे, पण आणायचं कसं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

परदेशात पळालेल्या एखाद्या आरोपीची बातमी आली की आपल्याकडे एकच वाक्य फिरतं. "फरफटत आणा साल्याला." १० एप्रिल २०२५ ला तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीत आणलं, त्या दिवशी तर आमच्या गावच्या झाडून सगळ्या ग्रुपवर विमानाचे फोटो होते. खाली कमेंट एकच, "आता दाऊदचा नंबर."

राणा आला याचा आनंद मलाही झाला. २६/११ ला १६६ माणसं गेली. त्या कटातला कुणी सोळा वर्षांनी का होईना भारतीय कोर्टासमोर उभा राहतोय, हे चांगलंच झालं. पण "आता दाऊदचा नंबर" म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. राणा आला, मग त्याचा मित्र हेडली का नाही आला? मुंबईत फिरून ताज, ओबेरॉय, सीएसएमटीची पाहणी करणारा माणूस तर हेडली. राणा त्याला मदत करणारा. मदतनीस आला आणि मुख्य माणूस अमेरिकेच्या तुरुंगात बसून राहिला, असं का?

उत्तर सरळ आहे. २०१० मध्ये हेडलीने अमेरिकेच्या सरकारी वकिलांशी सौदा केला. गुन्हा कबूल करतो, सगळी माहिती देतो, बदल्यात मला फाशी नको आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांपैकी कुणाच्याही ताब्यात देऊ नका. अमेरिकेने हो म्हटलं. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात त्याची साक्ष झाली, तीही व्हिडिओवरून. म्हणजे १६६ माणसं मारली गेली आमच्या शहरात आणि आरोपी आम्हाला दिसला पडद्यावर.

राणाने असा सौदा केला नव्हता. तो शिकागोत खटला लढला. २६/११ च्या आरोपातून तिथल्या ज्यूरीने त्याला सोडलं, लष्करला मदत आणि डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावरच्या हल्ल्याचा कट यात मात्र दोषी धरलं. शिक्षा १४ वर्षं. २०२० मध्ये कोविडच्या कारणावरून सुटला आणि भारताच्या विनंतीवरून लगेच पुन्हा आत गेला. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. अमेरिका आपला मित्र, १९९७ चा करार आहे, दोन्ही सरकारं राजी आहेत, तरी पाच वर्षं! यात "फरफटत" काही नव्हतं. होते ते कागद, आणि कागदाचे गठ्ठे.

प्रत्यार्पण म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेऊ. एक देश दुसऱ्या देशाला सांगतो, की तुमच्या हद्दीत असलेला हा माणूस आम्हाला खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी हवा आहे. ही विनंती असते, हुकूम नसतो. समोरचा देश पाहतो की हा गुन्हा आमच्याकडेही गुन्हा आहे का, प्रकरण राजकीय तर नाही ना, आणि ज्या गुन्ह्यासाठी मागताय त्याच गुन्ह्याचा खटला चालवणार ना. यापुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही माणूस दिला तर तुमच्या पोलिसांत, तुमच्या तुरुंगात आणि तुमच्या कोर्टात त्याचं काय होईल?

बातम्यांत या शेवटच्या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. माझी पोस्ट त्याबद्दलच आहे.

आधी शत्रूदेशाचा विषय संपवू. पाकिस्तानशी आपला प्रत्यार्पण करारच नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१ च्या शेवटी आपण त्यांना २० जणांची यादी दिली. दाऊद त्यात होता. २००३ मध्ये अमेरिकेने त्याला जागतिक दहशतवादी ठरवलं, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याचे कराचीतले पत्ते आले. ऑगस्ट २०२० मध्ये तर खुद्द पाकिस्तान सरकारच्या निर्बंधांच्या कागदात त्याचं नाव आणि कराचीतले पत्ते छापून आले, आणि लगेच खुलासा आला की याचा अर्थ तो आमच्याकडे आहे असा नाही. आता यावर काय बोलणार? जिथे सरकारच माणूस लपवतं तिथे करार असता तरी उपयोग नव्हता. अशा देशांमध्ये फरार माणूस आरोपी राहत नाही, तो पत्त्यांतला हुकमाचा एक्का होतो. एक्का कुणी फुकट टाकत नाही.

पण याच पाकिस्तानच्या बाबतीत आपण काय केलं होतं तेही आठवा. मार्च २०११ मध्ये आपण त्यांना ५० जणांची नवी यादी दिली, की हे सगळे तुमच्याकडे लपलेत. मे महिन्यात उघड झालं की त्यातला एक जण ठाण्यात राहतोय. लपून नाही, जामिनावर, बायकापोरांसोबत. दुसरा तर आपल्याच आर्थर रोड तुरुंगात होता! जगासमोर शोभा झाली. यादी मागे घ्यावी लागली. ज्याचा पत्ता ठाण्याचा आहे त्याला तुम्ही इस्लामाबादकडे मागता, मग ज्याचा पत्ता खरंच कराचीचा आहे त्याच्याबद्दलचं तुमचं म्हणणं कोण गांभीर्याने घेणार? शत्रूला तर निमित्तच हवं असतं. आपण ते छापून, सही-शिक्क्यासह दिलं.

आता मित्रदेशांकडे वळू. आपल्याला हवे असलेले बरेच जण लंडनसारख्या ठिकाणी बसलेत, जिथे कोर्ट चालतं, वकील मिळतो आणि न्यायाधीश सरकारला विचारून निकाल देत नाही. आपण हरतो ते बहुतेक तिथे.

पुरुलियाचं प्रकरण घ्या. डिसेंबर १९९५. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात रात्री एका विमानातून शेकडो एके-४७ आणि काडतुसं टाकली गेली. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतावरून जाताना आपल्या हवाई दलाने मुंबईत उतरवलं. ब्रिटिश दलाल आणि लॅटव्हियाचे वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. पण मुख्य सूत्रधार किम डेव्ही, खरं नाव नील्स हॉल्क, मुंबई विमानतळावरूनच निसटला आणि पुढे डेन्मार्कला पोचला. हातात आलेला माणूस आपण विमानतळावर गमावला, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डेन्मार्कचं सरकार २०१० मध्ये त्याला द्यायला तयार झालं होतं. तिथल्या कोर्टाने अडवलं. २०११ मध्ये वरच्या कोर्टानेही नाही म्हटलं. कारण काय? भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे. आपण चिडलो, डेन्मार्कशी संबंध गोठवले, अनेक वर्षं ते थंडच राहिले. मग पुन्हा मैत्री झाली, पुन्हा विनंती झाली, जादा हमी दिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये डॅनिश कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं. इतकी वर्षं झाली, माणूस तिथेच आहे.

"डेन्मार्कवाले शहाणे समजतात स्वतःला" असं म्हणून सोडून देता येईल. मग लंडन बघा. क्रिकेट फिक्सिंगमधल्या संजीव चावलाला २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाने आधी नकारच दिला होता. कारण तिहारची अवस्था. आपण पुन्हा पुन्हा लेखी हमी दिली, कुठल्या कोठडीत ठेवू, किती जागा देऊ, डॉक्टर कसा मिळेल. तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये तो आला. शस्त्रदलाल संजय भंडारीच्या बाबतीत मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने उलट निकाल दिला. तिहारमध्ये त्याच्याकडून खंडणी मागितली जाईल, मारहाण होईल, हा धोका कोर्टाला खरा वाटला आणि भंडारी सुटला.

विजय मल्ल्याच्या वेळी तर आर्थर रोडच्या बारा नंबर बराकीचा व्हिडिओ काढून लंडनच्या कोर्टात दाखवावा लागला. खिडकी आहे का, उजेड येतो का, संडास कुठे आहे, सगळं. नीरव मोदीच्या वेळीही हीच बराक. थोडा विचार करा मंडळी. आर्थर रोडमध्ये क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त कैदी कोंबलेले असतात, हे मुंबईत क्राइम करणाऱ्या कुठल्याही पत्रकाराला विचारा. त्यातली एक बराक स्वच्छ करून, रंग देऊन आपण जगाला दाखवतो आणि म्हणतो, बघा आमचे तुरुंग. पाहुणे येणार म्हणून पुढची खोली आवरायची आणि सगळा पसारा मागच्या खोलीत ढकलायचा, तसं झालं हे. आणि एवढं करून मल्ल्या आला का? डिसेंबर २०१८ मध्ये खालच्या कोर्टाने हो म्हटलं, मे २०२० पर्यंत त्याचे अपिलाचे रस्ते संपले, त्यानंतरही तिथल्या एका गोपनीय कायदेशीर प्रक्रियेत गाडी अडकली.

इथे काही जण म्हणतील, "पत्रकारसाहेब, तुम्हाला गुन्हेगारांची फार काळजी! आणि हे गोरे लोक आम्हाला मानवी हक्क शिकवणार?" दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. भोपाळच्या वॉरन अँडरसनला आपण २००३ मध्ये मागितलं, अमेरिकेने २००४ मध्ये नाही म्हटलं. हजारो माणसं मेली, कंपनीचा प्रमुख अमेरिकेतच म्हातारा होऊन मेला. हेडलीचा सौदा वर सांगितलाच. मोठे देश आपल्या सोयीने कायदा वाकवतात, यात शंका नाही.

पण पहिल्या मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं. मला गुन्हेगाराची काळजी नाही. मला काळजी आहे की आपलेच पोलीस आणि आपलेच तुरुंग गुन्हेगाराच्या वकिलाला आयता मुद्दा पुरवतात. राणानेसुद्धा अमेरिकेत शेवटच्या अर्जात काय म्हटलं होतं? भारतात माझा छळ होईल. त्याचं ऐकलं गेलं नाही. भंडारीचं ऐकलं गेलं. हा मुद्दा प्रत्येक फरार माणूस खिशात घेऊनच विमानात बसतो.

आणि तो मुद्दा हवेतला आहे का? छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. पण त्याला अंतिम मान्यता काही दिली नाही, कारण त्यासाठी देशात कायदा करायला हवा. २०१० मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं आणि बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा सांगितलं की कायदा करा, मान्यता द्या. त्या अहवालात हेही आहे की असा कायदा नसल्यामुळे परदेशातून आरोपी आणायला अडचण येते. म्हणजे हे मी पदरचं सांगत नाही, सरकारी आयोगानेच लिहून ठेवलंय. काँग्रेसच्या काळात झालं नाही, भाजपच्या काळात झालं नाही. या बाबतीत सगळे पक्ष एक आहेत.

आता माझ्या रोजच्या कामाचं सांगतो. तालुक्याच्या कोर्टात बातमीसाठी बसलं की रिमांडच्या वेळी न्यायाधीश आरोपीला एक प्रश्न विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे दोन हवालदार उभे असतात. आरोपी मान हलवतो, नाही. पुढची केस. इतक्या वर्षांत "हो, आहे" म्हणणारे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. बाकीचे सगळे मजेत होते का? तुम्हीच सांगा.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाकडून यायलाच जुलै २०२५ उजाडला. हा निकाल आपल्यासाठी जिल्ह्याची बातमी असते. लंडनमधल्या महागड्या वकिलासाठी तो पुरावा असतो. तो वकील अशी प्रत्येक बातमी कापून फाइलला लावतो. गरिबाच्या पोराला आपल्याकडे जे मिळतं, त्याचा फायदा शेवटी बँका बुडवणाऱ्याला मिळतो. याच्यासारखा उलटा न्याय दुसरा नसेल.

दुसरी गोष्ट आपल्या शब्दाची. अबू सालेम. १९९३ चे बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू. तो २००२ मध्ये लिस्बनमध्ये सापडला. तेव्हा पोर्तुगालशी आपला करार नव्हता आणि त्यांच्याकडे फाशी नाही, जन्मठेपही नाही. आपले तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी शब्द दिला की फाशी देणार नाही आणि २५ वर्षांच्या वर आत ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम आला. आल्यावर काय केलं? पोर्तुगालला न सांगितलेली जादा कलमं लावली. २०११ मध्ये लिस्बनच्या कोर्टाने सांगितलं की भारताने शब्द मोडला. पुढे जन्मठेपा झाल्या, २०१५ मध्ये एक, २०१७ मध्ये दुसरी. सीबीआयने तर सुप्रीम कोर्टात म्हटलं की सरकारने दिलेला शब्द कोर्टांवर बंधनकारक नाही. शेवटी ११ जुलै २०२२ ला सुप्रीम कोर्टाने खडसावलं. देशाने दिलेला शब्द पाळावा लागेल, २५ वर्षं झाली की सोडावं लागेल.

मला माहीत आहे, १९९३ मध्ये ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना हे ऐकून चीड येणार. येणारच. पण दुसरी बाजूही बघा. तो शब्द दिला नसता तर सालेम आजही लिस्बनमध्ये असता. आणि शब्द मोडला तर पुढच्या सालेमच्या वेळी कुठला देश आपल्या सहीवर विश्वास ठेवेल? बाजारात एकदा चेक बाउन्स झाला की व्यापारी पुढच्या वेळी रोख मागतो. देशांचंही तसंच आहे, फक्त इथे रोख काही नसतं. असतो तो शब्दच.

आता शेवटचा मुद्दा. तो बऱ्याच जणांना रुचणार नाही.

इतका वेळ आपण मागणारे होतो. आता देणाऱ्याच्या जागी बसू. २८ जानेवारी २०१३ ला ढाक्यात भारत-बांगलादेश प्रत्यार्पण करारावर सही झाली. आपल्या बाजूने सही करणारे गृहमंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. ईशान्येतले बंडखोर बांगलादेशात लपायचे, ते आपल्याला हवे होते. २०१६ मध्ये करार आणखी सोपा केला, पुराव्यांचा गठ्ठा नको, अटक वॉरंट पुरे. आपल्याला तेव्हा ते फायद्याचं वाटलं.

५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. डिसेंबरमध्ये बांगलादेशने त्याच कराराचा हवाला देऊन त्यांना मागितलं. १७ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली, आणि मागणी पुन्हा आली. गंमत अशी की हे न्यायाधिकरण २०१० मध्ये हसीना यांच्याच सरकारने उभं केलं होतं. भारताचं उत्तर, विनंती तपासतो आहोत.

माझं मत विचाराल तर, आज हसीनांना देऊ नये. आरोपी गैरहजर, सत्ता नुकतीच उलटलेली, शिक्षा फाशीची, अशा खटल्यावर भरवसा ठेवायला जागा कमी आहे. करारातही तशी सोय आहे. गुन्हा राजकीय असेल किंवा आरोप प्रामाणिक हेतूने केलेला नसेल तर नकार देता येतो. खुनासारखे गुन्हे मात्र राजकीय धरायचे नाहीत, असंही त्याच करारात लिहिलंय, त्यामुळे पुढची भांडणं तिथेच होणार.

पण नकार देताना आपण नक्की काय म्हणतोय ते ओळखा. आपण म्हणतोय, "तुमच्या कोर्टावर आमचा भरवसा नाही, तिथे या बाईंचं काय होईल सांगता येत नाही." डेन्मार्कचा न्यायाधीश आपल्याला हेच सांगत होता. लंडनचा हेच सांगत होता. तेव्हा आपल्याला तो देशाचा अपमान वाटला. आता तोच मुद्दा आपल्याला विवेकाचा वाटतो. आणि ढाक्यातला सामान्य माणूस, ज्याचं पोरगं २०२४ च्या आंदोलनात गोळीने मेलं, तो आपल्याकडे त्याच रागाने बघतोय ज्या रागाने आपण कराचीकडे बघतो. दोन्ही प्रकरणं सारखी आहेत असं मी म्हणत नाही. दाऊदला कुणी राजकीय आश्रय म्हणणार नाही. पण राग सारखाच असतो, आणि शेजाऱ्याच्या मनात साठलेला राग सीमेवर कधीतरी बाहेर पडतो.

म्हणून "फरफटत आणा" लिहिण्याआधी, मागायचंच असेल तर सरकारकडे हे मागा. छळविरोधी कायदा करा आणि १९९७ ची सही पूर्ण करा. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावा असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय, आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का ते आपापल्या आमदाराला विचारा. बारा नंबरची बराक चांगली केलीत, आता एक ते अकरा बघा. परदेशाला शब्द देताना विचार करून द्या, आणि दिला की पाळा. आणि यादी पाठवण्याआधी निदान ठाण्यात आणि आर्थर रोडला एक फोन करा.

यातलं काहीच टीव्हीवर दाखवण्यासारखं नाही. विमानाचा फोटो नाही, बेड्या नाहीत, पार्श्वसंगीत नाही. पण परदेशातला न्यायाधीश बघतो ते हेच.

पटत नसेल तर खाली लिहा, मी उत्तर देईन. फक्त मुद्द्यावर लिहा. आणि आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत की नाही हे कुणाला खात्रीने माहीत असेल, तर तेही गावाच्या नावासकट लिहा. त्याची वेगळी बातमी करू.